चार नंबरची घंटा

मे महिन्यात जळगावहून फैजपूरला जाणं म्हणजे तव्यावरून उठून चुलीत बसणं. पण बुद्धभूषण तायडेचं कामच असं होतं, की बोलावणं आलं की निघायचं. कारखान्यांमध्ये जाऊन तिथल्या माणसांना सुरक्षिततेची जबाबदारी आपली वाटते की नाही, हे तो तपासत असे. यंत्रं तपासणारे निराळे. तायडे माणसं तपासायचा.

आणि माणसं, बिचारी, नेहमी पास व्हायची. यावरूनच आदल्या दिवशी मेघा मॅडमनी त्याला धारेवर धरलं होतं. तायडे त्यांच्याच संस्थेत नोकरीला होता.

"तायडे, तुमच्या प्रत्येक अहवालात सगळे कामगार शंभर टक्के जबाबदार. मग ही बोटं तुटलेली माणसं दवाखान्यात येतात कुठून? आभाळातून पडतात?"

"मॅडम, मी विचारतो, ते सांगतात."

"मग आता विचारू नका. बघा."

हे 'बघा' डोक्यात घोळवतच तायडे एसटीतून उतरला. समोर केळीच्या बागा, बागांच्या मधोमध पत्र्याची लांबलचक शेड, आणि शेडमध्ये केळी पिकवायच्या सहा खोल्या. तिथली माणसं त्यांना चेंबर म्हणत. हातभर जाडीच्या भिंती, रुळावरून सरकणारं जाडजूड दार, कडेला रबर. कच्ची केळी कॅरेटमध्ये भरून आत रचायची, दार घट्ट लावायचं, संध्याकाळी गॅस सोडायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या दाराला हात लावायचा नाही. चार-पाच दिवसांत हिरवं आत गेलेलं पिवळं होऊन बाहेर येतं.

तिथला मॅनेजर छगन चौधरी हा गोल, घामेजलेला आणि अतिशय अगत्याचा माणूस. त्यानं तायडेपुढे केळीचे वेफर्स ठेवले, ताक ठेवलं, पंखा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाला, "साहेब, आमची माणसं म्हणजे सोनं. तुम्ही काहीही विचारा."

काहीही विचारायची गरजच पडली नाही. पहिला कामगार खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "सुरक्षा ही माझी जबाबदारी आहे आणि मी ती प्राणपणाने जपेन." दुसऱ्यानं तेच म्हटलं. तिसऱ्यानं तर शाळेत प्रतिज्ञेला करतात तसा हात पुढे केला. छगनभाऊ खिडकीबाहेर उभा राहून ओठ हलवत होता.

शेवटी बेबाबाई आली. पन्नाशीची, काटक, केळीच्या घडाच्या फण्या कापणारी. हातातला विळा तिनं खाली ठेवला नव्हता.

"माझीच जबाबदारी," ती म्हणाली. "आता प्रश्न विचारा."

तायडेला हसू आलं. त्यानं पाठ नसलेलं काहीतरी विचारायचं ठरवलं. "बाई, समजा चेंबरमध्ये कोणी अडकलं आणि आतून घंटा वाजवली. तर काय कराल?"

"हातातलं टाकून पळत जाऊ. दार उघडू."

"छान."

बेबाबाई उठली. दारापाशी जाऊन थांबली. "पण साहेब... कोणती घंटा?"

"कोणती म्हणजे?"

"नाही, सहज विचारलं," असं म्हणून ती विळ्याची धार अंगठ्यानं चाचपत निघून गेली.

जेवणाची सुट्टी झाली. माणसं शेडच्या पलीकडे लिंबाखाली डबे सोडून बसली. छगनभाऊ "साहेब, जरा पाठ टेकतो" म्हणून ऑफिसात खुर्चीवरच घोरायला लागला. तायडे एकटाच चेंबरच्या रांगेसमोर उभा राहिला. चार नंबरचं दार अर्धवट उघडं होतं. आत सकाळीच माल भरलेला, गॅस अजून सोडायचा होता. दारातून असा काही गारवा बाहेर येत होता, की घामानं भिजलेल्या माणसाला तो हाका मारतो आहे असंच वाटावं.

मॅडमचं 'बघा' पुन्हा आठवलं. आणि तायडेच्या डोक्यात आयुष्यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मूर्ख कल्पना एकाच वेळी आली. आपण आत जाऊ. दार लावून घेऊ. घंटा वाजवू. बघू, कोण येतं.

बंद जागेत जाताना बाहेर एका माणसाला सांगून जावं, हा नियम तो स्वतःच गावोगाव शिकवत असे. पण कोणाला सांगितलं तर परीक्षा कसली? आणि भीती कशाची? दारामागे लाल मूठ असतेच. बाहेरून दार बंद झालं तरी आतल्या माणसानं ती ढकलली की दार सुटतं. ती चालते का, हे त्यानं सकाळीच विचारलं होतं. सगळे एका सुरात म्हणाले होते, "एकदम!"

तो आत शिरला. दार ओढून घेतलं. धप्प! मोठ्या रांजणावर झाकण बसावं तसा आवाज झाला आणि त्याच क्षणी दिवा गेला. छगनभाऊनं विजेची बचत म्हणून दार लागलं की दिवा बंद होईल अशी सोय करून ठेवली होती.

अंधार म्हणजे कसला! डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावून पाहावं असा. बाहेरचा सगळा आवाज पुसून गेला. वर कुठेतरी पंखा हळू घरघरत होता. कच्च्या केळीच्या चिकाचा तुरट, ओलसर वास नाकातून घशात उतरत होता. तायडेनं मोबाईलचा उजेड लावला. छतापर्यंत कॅरेटच्या हिरव्या भिंती, भिंतीला चिकटून, एकमेकींना चिकटून. फोनला रेंज नव्हती.

दाराशेजारी घंटेचं बटण होतं. त्यानं ते दाबलं. आतून काही ऐकू येईना, पण बाहेर वाजत असणार. त्यानं पुन्हा दाबलं. मनातल्या मनात बेबाबाई विळा टाकून धावताना दिसली. वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग त्यानं बोट बटणावर दाबूनच धरलं. कोणी आलं नाही.

"वा रे सोनं," तो पुटपुटला आणि लाल मूठ ढकलली.

मूठ त्याच्या हातात आली. सुटूनच आली, दोन इंच गंजलेल्या सळईसकट.

केळं झाडावरून उतरलं तरी श्वास घेत राहतं, आणि बंद खोलीत ते माणसाच्या वाटणीचा श्वास घेतं, हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी छगनभाऊ बाहेरूनच गॅस सोडणार. उद्यापर्यंत दार उघडायचं नाही, हा नियम तेवढा इथली माणसं नक्की पाळत असणार. तायडे दारावर मुठी आपटू लागला. त्या जाड दारानं आवाज गादीसारखा गिळून टाकला. तो पुन्हा बटणाकडे वळला आणि दाबत सुटला.

"दाबू नका, भाऊ... थकी जाशात."

आवाज मागून आला होता. हळू, घोगरा, धुळ्याकडच्या अहिराणीतला.

तायडेचा हात बटणावरच राहिला. "क... कोण आहे?"

"मी शे... चिंधा."

भीतीच्या जागी तायडेला एकदम हायसं वाटलं. त्यामागोमाग रागही आला. म्हणजे कोणीतरी कामगार उन्हाला कंटाळून कॅरेटमागे झोपायला आला होता!

"काय हो, इथे झोपायला येता? बंद चेंबरमध्ये एकट्यानं थांबू नये, माहीत नाही?"

"माहीत शे, भाऊ... बठ्ठं माहीत शे."

"मग? सकाळी सगळ्यांना बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत."

"माले कोनी बलावंच नही."

तायडे स्वभावानं शिस्तीचा. शिवाय बोलत राहिलं की धीर येतो. तो अंधाराकडे तोंड करून म्हणाला, "ठीक आहे. आता सांगा. इथे सुरक्षेची जबाबदारी कोणाची?"

कॅरेटमागून उत्तर आलं.

"बठ्ठास्नी."

"बरोबर. सगळ्यांची."

"म्हनीसन तं कोनीच उनं नही."

सगळ्यांची, म्हणूनच तर कोणी आलं नाही. तायडेनं आजवर इतक्या माणसांना हा प्रश्न विचारला होता, पण असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्याच्या मानेवर काहीतरी गार सरकलं.

"म्हणजे... कधीची गोष्ट म्हणता?"

"छगनले वाटनं, बेबाबाई जाई," आवाज संथपणे सांगत होता, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत. "बेबाबाईले वाटनं, छगन जाई. मालकले वाटनं, घंटी बिघडी गयी... मी दाबी ऱ्हायंतू. दार उघाडं ते सकायले."

"मग... मग बाहेर काढलं ना तुम्हाला?"

"काढं ना. माले काढं त्यासनी..." आवाज थोडा जवळ आला. "पन मी नही निंघनू."

तायडेनं मोबाईल वर केला. उजेड कॅरेटवरून फिरला. जिथून आवाज येत होता, तिथे कॅरेट भिंतीला असे भिडलेले होते की मागे मांजरही मावलं नसतं.

तायडेचे वडील भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी घरात भूत या विषयावर कायमची बंदी घातली होती. लहानपणी बुद्धभूषण अंधाराला घाबरला की ते त्याला समोर बसवून भूत का असू शकत नाही याची कारणं सांगत. ती सगळी कारणं त्याला आत्ता आठवली. पण ती सगळी उजेडात बसून ऐकलेली होती. अंधारात त्यातलं एकही कामाला येईना.

"चिंधाभाऊ," तो कसाबसा म्हणाला, "मी... मी बाहेरचा माणूस आहे. माझा काही..."

"घाबरू नका. बसा. रोज कोन येस आठे बोलाले?"

तायडे बसला. मग त्या गार काळोखात जे बोलणं झालं ते त्यानं पुढे फारसं कोणाला सांगितलं नाही. चिंधानं विचारलं, पाऊसपाणी कसं आहे. केळीला भाव काय आहे. तायडेनं उत्तरं दिली. दात वाजत होते, पण उत्तरं दिली. मध्येच आवाज थांबला.

"भाऊ... कितला वाजनात?"

तायडेनं मोबाईल पाहिला. "तीन वाजून गेले."

"आय वो! मनी घंटी ऱ्हायनी ना! तुमनासंगे बोलामा ध्यानमाच नही ऱ्हायनं!"

तो पुढे काही बोलणार, तोच दार हादरलं. रूळ किंचाळले. उन्हाचा पांढरा पट्टा आत घुसला आणि त्याबरोबर सगळी शेडच आत घुसली. पुढे विळा घेतलेली बेबाबाई, मागे उघड्या अंगानं छगनभाऊ, त्याच्या मागे हातातल्या भाकरीसकट बाकीचे.

बेबाबाईनं तायडेकडे पाहिलंही नाही. ती कॅरेटकडे पाहून ओरडली, "चिंधानाना! बरा आहेस ना रे? आज घंटा का नाही वाजवली?"

"मी वाजवत होतो!" तायडे खालूनच ओरडला. "केव्हाचा वाजवतोय!"

आता सगळ्यांना तो दिसला. छगनभाऊचा जबडा खाली आला. "साहेब, तुम्ही? इथे? पण ही घंटा वाजेल कशी? हिची तार आम्ही केव्हाच कापून टाकली."

"तार कापली? का?"

"रोज दुपारी वाजायची ना," छगनभाऊ ओशाळून म्हणाला. "आत कोणी नसताना."

"मग तार कापल्यावर थांबली?"

एकानं हातातला घास हळूच खिशात घातला.

"नाही थांबली," बेबाबाई म्हणाली. "वाजली की आम्ही सुट्टी संपवून कामाला लागतो. वाजली म्हणजे नाना आहे. आज वाजली नाही, तर जीव घाबरा झाला. म्हटलं, याला काय झालं?" आणि मग ती एकदम तायडेवर घसरली. "तुम्ही कशाला घुसलात हो आत? काय बोललात त्याला? पारोळ्याकडचा गरीब माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात!"

तायडेला बाहेर आणून लिंबाखाली बसवलं. चहा दिला. पहिला कप तो चहा आहे की पाणी हे कळण्याआधीच संपला. दुसऱ्या कपाला तायडेला राग आला, त्याचं त्यालाच नवल वाटावं असा. भीती होतीच, पण राग तिच्यावर बसला. तो उठला.

"छगनभाऊ, दुसरी लाल मूठ आणा. आत्ता."

"साहेब, उद्या सावद्याहून..."

"आत्ता. मी इथून हलणार नाही आणि गॅस सोडू देणार नाही."

छगनभाऊनं त्याचं तोंड पाहिलं आणि स्वतःच मोटारसायकलला लाथ मारली. संध्याकाळपर्यंत मूठ बसली, तार जोडली गेली, आतला दिवा दार लागल्यावरही जळू लागला. मग प्रश्न आला, मूठ चालते का ते आत जाऊन बघणार कोण?

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. छगननं बेबाबाईकडे, बेबाबाईनं छगनकडे. तायडेनं हे पाहिलं, आणि चिंधाचं बोलणं त्याच्या कानात पुन्हा सुरू झालं.

"मी जातो," तो म्हणाला. "पण या वेळी सांगून जातोय. बेबाबाई, तुम्ही दाराशी थांबा. दुसरं कोणी नाही. तुम्हीच."

बेबाबाईनं मान हलवली. दार धप्पकन लागलं. दिवा जळत होता. कॅरेट जिथल्या तिथे होते. तायडेनं एक मोठा श्वास घेऊन मूठ ढकलली आणि दार लोण्यात सुरी जावी तसं सरकलं.

तो बाहेर आला नाही. उंबऱ्याशी, दार हातानं धरून, तो कॅरेटकडे वळला. वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं, हलक्या आवाजात म्हणाला, "चिंधाभाऊ, दार आता आतून उघडतं. चला... निघा."

आणि थोडा बाजूला सरकून त्यानं वाट दिली. कोणी त्याला हसलं नाही. बाहेरची माणसंही आपोआप दोन बाजूंना झाली, मध्ये एक माणूस जाईल एवढी जागा ठेवून. बेबाबाईनं डोक्यावर पदर घेतला. एक गार झुळूक पायांशी आली आणि बाहेरच्या उकाड्यात विरून गेली. चेंबरमधून गारवा येणारच म्हणा.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी छगनभाऊचा जळगावला फोन आला. "साहेब, तुम्ही आमचं नुकसान केलं. सुट्टी संपल्याचं कोणाला कळतच नाही. चार-चार वाजेपर्यंत लोळतात." मग म्हणाला, "बेबाबाई मात्र रोज दुपारी सहाही दारं उघडून आत डोकावते. कोणी सांगितलं नाही तिला."

मेघा मॅडमनी विचारलं, "काय तायडे, जबाबदारीची जाणीव आहे का तिथे?"

"आहे मॅडम," तायडे म्हणाला. "मेलेल्या माणसाबद्दल भरपूर आहे. जिवंतांबद्दल आता यायला लागली आहे."

मॅडमना तो विनोद वाटला. त्यांनी खूश होऊन त्याला पुढचं काम दिलं. धुळ्याजवळची एक जुनी सूतगिरणी.

तायडे अमळनेरवरून एसटीनं गेला. गिरणीच्या फाटकावर पोहोचला तेव्हा सकाळच होती, पण उन्हानं डांबर मऊ झालं होतं. पहारेकऱ्यानं नाव ऐकताच सलाम केला.

"या साहेब. तुमचे जोडीदार मघाशीच आले."

"कोण जोडीदार? मी एकटाच आहे."

"नाव नाही सांगितलं. आपल्याच बोलीत बोलले. म्हणाले, 'तायडे साहेब मांगून येतस, तोपावत मी दारे देखी लेस.' मी म्हटलं, जा." पहारेकरी जरा घुटमळला. "साहेब, त्यांची तब्येत बरी नाही का? एवढ्या उन्हात कुडकुडत होते."

तायडेनं फाटकाचा गज धरला. गज तापलेला होता, तरी त्यानं सोडला नाही. "आता... कुठे आहेत ते?"

"मागच्या गोदामाकडे गेले होते. थोड्या वेळानं परत येऊन इथूनच बाहेर पडले." पहारेकऱ्याचा आवाज खाली आला. "एक विचारू? आत जाताना ते एकटे होते ना... बाहेर आले तेव्हा त्यांच्यासोबत एक बाई होती. त्यांच्या खांद्याला धरून चालत होती. अंगात आमच्या गिरणीचा निळा झगा."

"मग तुमच्याच कोणी असतील."

"आमच्याकडे आता खाकी आहे, साहेब. निळा... आगीच्या आधी होता."

"कसली आग?"

पहारेकरी एकदम ताठ उभा राहिला. आतून गिरणीचे मॅनेजर हात पसरून, हसत हसत येत होते.

"या या, तायडे साहेब!" ते लांबूनच म्हणाले. "तुम्हाला इथे काही सापडायचं नाही. गिरणी सुरू झाल्यापासून आमच्याकडे एकाही माणसाला साधं खरचटलेलं नाही!"